पाटीवर नाव रंगरावांचं

लेंगऱ्याच्या अलीकडं माळावर
अकरा महिने कुलूपबंद असलेल्या बंगल्यांची एक रांग आहे.
कठड्यावर सिमेंटचे गरुड, गेटला सोनेरी भाले.
यात्रेच्या आठवड्यात दारापुढं गाड्या लागतात,
केरळ, तामिळनाडू, एक तर थेट आसामच्या नंबरची.
मी त्या नंबरप्लेटा शूट करत होते
तेव्हा एकानं विचारलं, आरटीओतून आलाय का?

मीही इथलीच. वडिलांची बोटं पिवळी होती
आणि अंगठ्याला रेषा नव्हत्या;
रेशनच्या मशीननं त्यांना कधी ओळखलं नाही.
सोनं गाळणाऱ्यांवर फिल्म करायची म्हणून
विट्यात खोली घेतली, माईक उधार आणला,
आणि तीन महिने फक्त पुरुष बोलले.
मूस कशी धरायची. तेजाब कधी ओतायचं.
कुठल्या साली कोण कुणाचा हात धरून कुठं गेला.
सगळ्यांची गोष्ट एकच, शेवटी बंगला येणारी.
चहा देणारा एक हात
फ्रेमच्या कडेनं आत यायचा,
बशी ठेवायचा, निघून जायचा.
ते मला एडिटिंगला बसल्यावर दिसलं.
आधी नाही. हे लिहून ठेवते.

मग अनुसयामावशी निकमांकडं गेले.
"सत्तावीस वरसं त्रिशूरला," एवढंच म्हणाली
आणि लसूण सोलत बसली.
पंख्याचा आवाज येतो म्हटलं, तिनं पंखा बंद केला.
फ्रीज बंद केला. कोंबड्याचं काय करायचं, विचारलं.
मग माझ्या हातातल्याकडं बघून,
"आदी ते बंद कर. मग सांगतो."

बंद केला.

"एका ओणमला मालक खोकाय लागले.
भट्टीम्होरं बसवंना. म्हटलं, सरा तिकडं.
आठ वरसं मीच बसलो.
पाटीवर नाव रंगरावांचं, वहीत सही त्यांची,
गिऱ्हाईक आलं की उठवून शर्ट घालायचा,
खुर्चीत बसवायचं. पडद्यामागं मी.
सराफाच्या दुकानातली झाडलेली धूळ पोत्यानं यायची,
जाळून, धुऊन गुंजभर काढायचं.
गावाकडं काय कळवायचं? खुशाल हाय.
गेले तवा शेजारच्या अम्मानं
दारातला आंबा तोडून दिला सरणाला.
हितं म्हाईत न्हाई कुणाला.
हितं ते भट्टीवरच गेले, हातात मूस हुती, असं हाय."

मी म्हटलं, माझंही काम तसलंच, मावशी,
धूळ चाळायचं.
"तुज्या धुळीत तेजाब हाय का?"
मी गप्प बसले. लसूण सोलू लागले.

आठ दिवसांनी तिचाच फोन.
"ये. पंखा बंद हाय. कोंबडा कापला."

यात्रेच्या दुसऱ्या रात्री
तिच्या दिराच्या बंगल्याच्या बाजूच्या भिंतीवर,
ताज्या चुन्यावर, फिल्म लावली.
पहिली वीस मिनिटं टाळ्या, शिट्ट्या,
"आरं, आपला बापू बघ!"
मग भिंतभर तिचा चेहरा आला,
आणि "आठ वरसं मीच बसलो" हे वाक्य
माळावरनं पार रस्त्यापर्यंत गेलं.
कुणी खाकरलं. कुणी चपला शोधू लागलं.
दीर उठला, गाडीत बसला, चावी फिरवली;
हेडलाइटचा झोत भिंतीवर पडला
आणि तिचा चेहरा पुसला गेला.
आवाज चालूच होता.

वजनात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिनं घातलेली
मल्याळममधली शिवी तेवढ्यात आली.
तिचा अर्थ मी खाली दिला नव्हता,
मलाही तो नीट कळलेला नाही.
पण मागं, ट्रॉलीच्या फाळक्यावर बसलेली
त्रिशूरची, पालक्काडची पोरं
पोट धरून हसायला लागली,
आणि अख्खं गाव वळून
त्यांच्याकडं बघत राहिलं.